दुसरा कप आणि जनरेटरचं झाकण

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी धक्क्यावरच्या मावशीचं नाव सांगतो. नाव म्हणजे एवढंच, धक्क्यावरची मावशी. आईवडिलांनी मला उपाशी ठेवलं नाही, शाळेत घातलं, हे मी विसरलेलो नाही. पण त्यांनी शाळेत घातलेला मुलगा रोज संध्याकाळी घरी पोचायचा तो मावशीमुळे.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या एका काठावर आणि शाळा पलीकडच्या काठावर, तालुक्याच्या गावात. मधे पाणी. रस्त्याने जायचं तर पाण्याला वळसा घालण्यात अर्धा दिवस मोडायचा, म्हणून सगळी ये-जा एका लाँचवर. शेवटची लाँच शाळा सुटल्यावर थोड्याच वेळात निघे. दहावीच्या वर्षी गणिताच्या सरांनी शाळेनंतर जादा तास सुरू केला आणि माझी पंचाईत झाली. तास केला तर लाँच चुकायची, लाँच धरली तर गणित. मी तास अर्ध्यावर टाकून पळत सुटायचो. धक्क्यावर मावशीची चहाची टपरी होती, तिथे दप्तर टेकवून धापा टाकायचो. एकदा तिने विचारलं, "का रं, रोज वाघ लागल्यागत का येतुयास?" मी कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गाळणी झटकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून लाँच चालवणाऱ्या काकांना निघायच्या वेळी चहाचा दुसरा कप मिळू लागला. तो कप कधी लवकर होत नसे.

"मावशे, चहा उकळतीयास का मटन?"

"आलं ठेचतीया."

"मगाशी बी आलंच ठेचत हुतीस."

"ते पयल्या कपाचं. दमा की वाईच. पानी काय पळून जातंय व्हय?"

उतारू कुरकुर करायचे, काका घड्याळ बघायचे, आणि वरच्या उतारावरून मी दप्तर छातीशी धरून धावत येताना दिसलो की आलं एकदम ठेचून व्हायचं. माझं गणित त्या दुसऱ्या कपावर सुटलं. पुढे बारावी झाली, पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पदवी हातात आली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. काळ्या झग्यातला माझा फोटो मावशीने मागून घेतला आणि टपरीतल्या साखरेच्या डब्याला चिकटवला. चहाला थांबणाऱ्या प्रत्येकाला तो दिसायचा. मला त्या फोटोचा अभिमान होता. पुढे त्याचीच भीती वाटायला लागली. ती कशी वाटायला लागली आणि कशी गेली, ते सांगायचं आहे.

मला नोकरी मिळाली ती बोटी बांधणाऱ्या शेडमध्ये. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. घरमालक म्हणाले, "बोटी? मुठेत सोडणार का? मग पाऊस पडेपर्यंत थांबा, नाहीतर तळ घासेल." पण बिबवेवाडीतल्या एका गल्लीत, प्लायवुडचं दुकान आणि मसाल्याची गिरणी यांच्या मधे, पत्र्याची उंच शेड होती आणि तिथे खरोखरच फायबरच्या बोटी तयार व्हायच्या. वेगवेगळ्या धरणांवर जायच्या. बोट ट्रेलरवर चढवून गल्लीतून बाहेर काढायची म्हणजे केबलच्या वायरी बांबूने वर उचलून धराव्या लागत, आणि गल्लीतले लोक गच्चीवरून सूचना देत. लाल तिखटाच्या वासात मी बोटीची इंजिनं शिकलो.

शेडमध्ये एक पद्धत होती. बोटीत चढताना चपला शिडीखाली काढायच्या. फायबरला ओरखडे पडू नयेत हे त्याचं कारण, पण त्याचा दुसराही उपयोग होता. शिडीखाली कोणाच्या चपला आहेत ते बघून आत कोण आहे ते कळायचं. फायबरचं काम करणारे चाचा कुठलंही झाकण लावण्याआधी खाली वाकून चपला बघत.

मी लागल्यावर काही महिन्यांनी एका मोठ्या बोटीचं काम आलं. ग्राहक पेठेतला, सहली नेण्याचा धंदा करणारा. त्याला लोकांना धरणाच्या पाण्यावर फिरवण्यासाठी बंद काचांची, एसी केबिन असलेली बोट हवी होती. बोट चालवणारं इंजिन वेगळं आणि एसी, दिवे, फ्रिज यांना वीज देणारा छोटा डिझेल जनरेटर वेगळा. हा जनरेटर मागच्या डेकच्या खाली एका कप्प्यात बसवला होता. कप्पा म्हणजे दिवाणाखालच्या खणाएवढा. वर एक चौकोनी झाकण, त्याला चारी बाजूंनी रबराची पट्टी, म्हणजे पाणी आत जाणार नाही. जनरेटर सुरू करायचा तर बटण केबिनमध्ये होतं. बंद करायचं एक लाल बटण मात्र जनरेटरच्या अंगावरही होतं, आत काम करणाऱ्यासाठी.

जनरेटर माझ्याकडे होता. शेडमध्ये तो उत्तम चालायचा. पाण्याची नळी जोडायची, धुराचा पाइप बाहेर काढायचा, सुरू करायचा. तासन्‌तास आवाजात फरक नाही. शहराबाहेरच्या धरणावर बोट पाण्यात सोडली आणि तिथे मात्र थोडा वेळ चालून तो घुसमटल्यासारखा झाला, काळा धूर ओकला आणि बंद पडला. आम्ही झाकण उघडलं. आत भट्टीसारखी धग. जरा थांबून सुरू केला, तर शहाण्या मुलासारखा चालू. "झालं, गेली कुरकुर," असं म्हणून झाकण लावलं, बोट पुढे नेली, आणि काठापासून लांब आल्यावर तो परत गेला.

बोट परत शेडमध्ये आणली. मी डिझेलचे फिल्टर बदलले. डिझेलच्या नळीत हवा शिरते का ते पाहिलं. थंड पाणी खेचणारा पंप उघडला, त्यातली रबरी चाकं नवी घातली. गरम झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बदलला. एसीचा भार कमी केला, वाढवला. दर वेळी शेडमध्ये पास आणि पाण्यावर नापास. शाळेत मी याच्या उलट होतो; घरी सुटलेलं गणित परीक्षेतही सुटायचं. त्यामुळे माझा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागला.

तिसऱ्यांदा बोट पाण्यावरून ओढून आणावी लागली तेव्हा मालकांनी मला टेबलाशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. कमी बोलायचा आणि बोललेलं लागायचं.

"काय सापडलं?"

"साहेब, अजून शोधतोय."

"शोधा. निवांत शोधा. कोलंबसालाही वेळ लागला होता. फक्त त्याची बोट चालू होती." मग कागद बाजूला सारून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात ग्राहक इथेच पूजा करणार आणि बोट घेऊन जाणार. त्या वेळी किंवा त्यानंतर पाण्यावर हा प्रकार पुन्हा झाला, तर तुमचं आमचं जमायचं नाही. मला इंजिनिअर हवा आहे. जनरेटरपुढे हात जोडणारा माणूस मला नाक्यावर मिळतो."

मी मान हलवली. दुसरी नोकरी शोधायला माझ्याकडे अनुभव म्हणून फक्त हा बंद पडणारा जनरेटर होता. खोलीवर आम्ही चौघं होतो आणि एकच खिडकी होती, ती डक्टमध्ये उघडायची. पलीकडच्या घरातल्या भांड्यांचा आवाज यायचा, हवा यायची नाही. मी कॉटवर पडून त्या डक्टकडे बघत डोक्यात जनरेटर उघडायचो आणि परत जोडायचो. घरी सांगायची सोय नव्हती. आमच्या गावात मोबाईलला रेंज एका वळणावरच येते, वडील तिथे उभं राहून फोन करायचे आणि मोठ्याने बोलायचे, "समदं ठीक हाय न्हवं? मावशी इचारत हुती. म्हणती, फोटूकडं बघून दोन पोरं जादा तासाला बसाय लागल्याती." मी म्हणायचो, सगळं ठीक आहे. नोकरी गेली तर परत गावी जायचं म्हणजे त्या धक्क्यावर उतरायचं, त्या टपरीसमोरून जायचं, आणि साखरेच्या डब्यावरून मीच माझ्याकडे बघत असणार. पुण्यात राहता येत नव्हतं आणि गावी जाता येत नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरात मला वळायलाही जागा नव्हती.

पूजेचा दिवस आला. सकाळपासून शेड झाडून घेतली होती, जनरेटरला पाण्याची नळी जोडून धुराचा पाइप बाहेर काढून ठेवला होता. मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ग्राहकाने तुम्हाला पाहिलं की त्याला धरणावरचा धूर आठवतो. पूजा होईपर्यंत दिसू नका."

मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. दिसू नये अशी जागा मला एकच ठाऊक होती. लोक यायला अवकाश होता. मी कप्प्याचं झाकण उघडून आत उतरलो, कपाळाला पट्टीची बॅटरी लावली आणि धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचे जोड पुन्हा एकदा तपासायला लागलो. आत एका कुशीवर झोपावं लागायचं, गुडघे पोटाशी, एक हात इंजिनवरून पलीकडे; झाकणाच्या तोंडातून वाकून बघितल्याशिवाय माणूस दिसायचा नाही. चपला मी शिडीखाली काढल्या होत्या. पण पूजा म्हणून चाचांनी शेडमधल्या सगळ्या चपला उचलून दाराबाहेर नेऊन रांगेत लावल्या. त्यांत माझ्याही गेल्या.

थोड्या वेळाने वर पावलं वाजली. चाचांचा आवाज आला, "खाली कोणी नाही, मी बघितलंय." आणि झाकण लागलं. रबराची पट्टी दबल्याचा फुस्स आवाज झाला. मी हाक मारणार होतो. तेवढ्यात मालकांचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा गोड. "या, या, आई, सांभाळून. गुरुजी, इथेच मांडा पाट. हीच जागा सपाट आहे." माझ्या डोक्यावर पाट ठेवला गेला. मग तांब्या, मग आणखी काहीतरी जड. कोणीतरी मांडी घालून बसलं.

मला दिसू नका असं सांगितलं होतं. आता झाकण ठोकायचं म्हणजे पाटासकट कलश हलणार, ग्राहकाच्या आईसमोर, आणि खालून मी निघणार. मी ठरवलं, पूजा होईपर्यंत गप्प पडून राहू. असं कोणी ठरवतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या घरात मोठ्यांच्या मधे बोलायचं नाही हे एवढं मुरलेलं आहे की मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, "उकडतंय हो. तुमचा तो एसी चालतो ना? का तोही पूजेनंतर?" तो ग्राहक होता. मालक हसले. केबिनच्या दिशेने पावलं गेली, आणि माझ्या छातीला लागून असलेला जनरेटर सुरू झाला.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येत नाही, कारण तो मी कानांनी ऐकला नाही, दातांनी ऐकला. मी दचकून डोकं वर केलं, कपाळाची बॅटरी वरच्या लोखंडी पट्टीवर आपटली आणि विझली. हात आखडून घेताना कोपराजवळ गरम पाइप लागला. त्याचा डाग अजून आहे. मी झाकणाला तळहात लावून ढकललं. ते जराही हललं नाही. वर माणसं बसली होती म्हणून, असं मला वाटलं. मी ठोकलं, ओरडलो. वर घंटा सुरू झाली होती.

गरम होत गेलं. कानांत दडे बसले, घाटात बसतात तसे. झाकणाच्या एका कोपऱ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. माझा अंगठा बंद करायच्या लाल बटणावर होता. अंधारातही मला त्याची जागा पाठ होती. दाबलं असतं तर इंजिन थांबलं असतं, आवाज थांबला असता, माझं ओरडणं ऐकू गेलं असतं. पण एसी आणि दिवे पूजेच्या मधेच गेले असते, ग्राहक म्हणाला असता, बघा, पुन्हा बंद पडला, आणि तो बंद पडण्याचं कारण या वेळी खरोखरच मी असतो. मला टपरी दिसली, साखरेचा डबा दिसला, जादा तासाला बसणारी ती दोन पोरं दिसली. मी अंगठा तसाच ठेवला आणि दाबला नाही. सुटायची सोय हाताखाली असताना मी त्या खणात पडून राहिलो. इतका अडकलेला मी आयुष्यात त्याआधी कधी नव्हतो, आणि मला अडकवण्यात झाकणाचा वाटा सगळ्यात कमी होता.

डोळे उघडे ठेवले तरी काही दिसत नव्हतं. हात डोळ्यांसमोर धरला, दिसला नाही. आणि मग त्या भीतीतच एक साधा प्रश्न मनात आला. इतका अंधार कसा?

कप्प्यातल्या इंजिनला जळायला हवा लागते. ती यावी म्हणून डेकवर स्टीलचे दोन बाकदार भोंगे बसवलेले होते, चकचकीत, बोटीची शोभा वाढवणारे. त्यांची खालची तोंडं या कप्प्यात उघडायची, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. बाहेर भर दुपार होती, शेडच्या छताला पारदर्शक पत्रे होते, शिवाय पूजेसाठी मोठे दिवे लावलेले. मग भोंग्यांतून थोडा तरी उजेड आत यायला हवा होता. मी आजवर या कप्प्यात शेकडो वेळा उतरलो होतो, पण दर वेळी झाकण उघडं ठेवून. झाकण लावलेला कप्पा आतून कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. बाहेरून भोंगे दिसायचे, म्हणून हवा येते असं मी धरून चाललो होतो.

डाव्या हाताने मी वरची भिंत चाचपली. मऊ लागली. आवाज कमी यावा म्हणून ग्राहकाने आग्रह धरला होता आणि आसनांच्या गाद्या शिवणाऱ्या माणसाने कप्प्याला आतून चंदेरी पाठीचा जाड फोम लावून दिला होता. इतका नीट, इतका कोपऱ्यांत बसवलेला, की सगळ्यांनी त्याची तारीफ केली होती. मीसुद्धा. त्याने फोम या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लावला होता, भोंग्यांच्या तोंडांवरूनही. बोट पहिल्यांदा पाण्यात गेली ती फोम लागल्यावरच, म्हणून त्यावर संशय घ्यायचं कोणाला सुचलं नाही. आम्ही शेडमध्ये झाकण उघडून ऐकत बसायचो आणि जनरेटर चालायचा. पाण्यावर झाकण लावून त्यावर उभे राहायचो आणि तो गुदमरायचा. बंद पडला की बघायला म्हणून झाकण उघडायचो आणि त्याला हवा द्यायचो. इतके दिवस आम्ही काळजी घेतली की तो बरा व्हायचा, आणि तेवढ्यामुळेच त्याचा आजार कळत नव्हता.

इंजिनचा आवाज तोवर खोल जायला लागला होता, धरणावर गेला होता तसाच. झाकण का हलत नव्हतं तेही कळलं. हवा मिळेना म्हणून इंजिन आतली हवा ओढत होतं, आणि झाकण त्या ओढीने घट्ट बसलं होतं. मी बटणावरचा अंगठा काढला, कमरेचा स्क्रू ड्रायव्हर ओढला आणि फोममध्ये खुपसून फाडत गेलो. एक तुकडा ओढून काढला तेव्हा रुपयाएवढा उजेड आत पडला. मग वाटीएवढा. थंड हवेचा झोत तोंडावर आला, त्याबरोबर कापराचा वास आला, आणि टाळ्या आणि आरती अगदी कानाशी. जनरेटरने गळ्यावरचा हात निघाल्यासारखा आवाज मोकळा केला.

मी भोंग्याला तोंड लावून ओरडलो, "अहो! झाकण उघडा! मी आत आहे!"

आरती विस्कटली. भोंग्याशेजारच्या खुर्चीवर ग्राहकाची आई बसली होती. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "अरे, थांबवा ते सगळं. ही बोट अहो-जाहो करतेय."

"आई, काहीतरीच काय?"

"माझे कान चांगले आहेत. तू लहानपणी काय काय पुटपुटायचास तेही मला ऐकू यायचं."

जनरेटर थांबला. पाट उचलला गेला. झाकण उघडलं आणि वर तोंडांचं एक कडं दिसलं, मधे गुरुजी, हातात आरतीचं ताट तसंच. मला उभं राहता येईना. चाचांनी काखेत हात घालून वर ओढलं. ते सारखं एकच म्हणत होते, "चप्पल नव्हती रे बेटा शिडीखाली. अल्लाकसम, मी बघितलं होतं. चप्पल नव्हती." मग त्यांना दाराबाहेरची रांग आठवली आणि ते माझ्या चपला आणायला धावले.

ग्राहकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आम्ही बोट सांगितली होती," तो मालकांना म्हणाला. "आतल्या माणसासकट नव्हती सांगितली."

मालकांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही आत काय करत होतात?"

"तुम्हीच म्हणालात, दिसू नका."

"आणि ठोकायचं नाही का? ओरडायचं नाही? मेला असता म्हणजे?"

"आधी त्याला पाणी द्या," म्हातारी म्हणाली. "भांडण कुठे पळून जात नाही." नारळ अजून फोडायचा होता. तिने गुरुजींना तो तिथेच फोडायला लावला आणि पाणी मला प्यायला दिलं. गुरुजींनी हरकत घेतली नाही.

मी बसल्या जागी फाडलेला फोम दाखवला आणि सगळं सांगितलं. मालक वाकून बराच वेळ भोंग्यातून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहिले. मग स्वतः कप्प्यात उतरून त्यांनी दुसऱ्या भोंग्याचा फोम कापला, झाकण लावलं, त्यावर उभे राहिले आणि जनरेटर सुरू करायला सांगितला.  एसी चालू राहिला. केबिन गार झाली, म्हातारीने शाल मागितली, तरी तो चालूच होता.

जाताना ग्राहक म्हणाला, "पाण्यावर चाचणीला हाच माणूस पाठवा. फक्त या वेळी वर बसवा."

चाचणीच्या दिवशी ग्राहक स्वतः त्या झाकणावर खुर्ची टाकून बसला आणि ऊन उतरेपर्यंत उठला नाही. जनरेटर बंद झाला तो आम्ही बंद केला तेव्हाच. परतताना मालक ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी शाबासकी दिली नाही. म्हणाले, "लाल फडकं आणायचं. आत माणूस असेल तर ते झाकणाच्या कडीला बांधायचं. चपलांवर आता भरवसा नाही." मग बाहेर बघत म्हणाले, "ते बटण होतं ना आत? बंद करायचं?"

"होतं."

"मग?"

मी बाही ओढून कोपराजवळचं भाजलेलं झाकलं.  कात्रजजवळ ट्रक थांबला तेव्हा म्हणाले, "गावी कधी गेला नाहीत. चार दिवस जाऊन या. परत या पण."

त्या रात्री मी मावशीला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नाही. पत्रं लाँचनेच येतात आणि काकाच ती धक्क्यावर मोठ्याने वाचून दाखवतात, हे धरूनच लिहिलं.

प्रिय मावशी,

नमस्कार. काका, तुम्हालाही नमस्कार, कारण हे तुम्हीच वाचताय. जरा सावकाश वाचा आणि आपल्या पदरचं काही घालू नका.

मावशी, मी बरा आहे. हाताला थोडं भाजलंय, ते वाळलं. इथे मी एका बोटीच्या पोटात अडकलो होतो. वर पूजा चालली होती आणि खाली मी. ती गंमत आल्यावर सांगीन, तू हसशील. न हसण्यासारखं आहे तेवढं लिहितो.

सुटायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं आणि मी ते दाबलं नाही. नोकरी जाईल म्हणून नाही दाबलं. नोकरी गेली तर तुझ्या डब्यावरच्या फोटोसमोर कसा उभा राहू, म्हणून नाही दाबलं. आतून वाचून आल्यावर मी आठवून बघितलं, की मावशी मला असं कधी म्हणाली होती का, की जिंकलास तरच ये. एकदाही नाही. दहावीच्या पहिल्या चाचणीत माझे गणिताचे मार्क वाईट होते, त्या दिवशीही तू आलं तेवढंच ठेचलंस. मी घरी पोचावं एवढ्यासाठी तू लाँच थांबवायचीस. पास होऊन यावं म्हणून नाही. हे मला इतक्या उशिरा कळलं.

फोटो राहू दे, पोरांना उपयोग होत असेल तर. पण त्यांना हेही सांग, की फोटोतला माणूस अडकतो, आणि अडकला की ओरडायचं असतं, वर कोणी का बसलेलं असेना. पुढच्या वेळी मी बटण दाबीन.

काका, तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमच्यासारख्या माणसाला वर्षभर दुसऱ्या कपाचं कारण कळलं नसेल, हे मला पटत नाही. तुम्ही घड्याळ बघायचात, पण मी धक्क्यावर पोचायच्या आधी लाँचचं इंजिन तुम्ही कधी सुरू केल्याचं मला आठवत नाही. मावशीसमोर खरं सांगा.

मी शनिवारी निघतोय. पुण्याहून येणारी एसटी हल्ली उशीर करते. शेवटच्या लाँचपर्यंत पोचलो नाही, तर मावशी, आलं ठेचायला घे.

तुझा,
पळत येणारा